नऊशे नव्व्याण्णव महिने

आमच्या कार्यालयात जिन्यापाशी, चहाच्या यंत्राच्या वर, एक मोठा तक्ता लावलेला आहे. त्यावर एक लाल रेघ आहे. देशातली न्यायालयं सरासरी किती महिन्यांची कैद ठोठावतात ते ती रेघ वर्षागणिक दाखवते. आधी बरीच वर्षं ती सपाट चालते, मग एकदम चढते, टेंगूळ आल्यासारखी फुगते आणि पुढे हळूहळू उतरायला लागते. लोक तिच्याखाली उभे राहून चहा पितात, रजेबद्दल बोलतात, एकमेकांच्या साहेबांची उणीदुणी काढतात. त्या टेंगळाच्या अगदी माथ्यावर माझा नवरा बसलाय, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

मी शिक्षा-नोंद विभागात एकवीस वर्षं आहे. शिक्षा झालेल्या प्रत्येक माणसामागे न्यायालयाकडून आमच्याकडे एक कागद येतो. तो वाचून मी एक कार्ड भरते आणि कागद कार्डाच्या मागे टाचून ठेवते. कार्डावर नाव नसतं. खटल्याचा क्रमांक असतो, गुन्ह्याचा प्रकार, वय, पहिलाच गुन्हा की सराईत, आणि मग शिक्षा. शिक्षेला तीन चौकोन, आणि ती महिन्यांतच लिहायची, वर्षांत नाही. बाहेरचा माणूस अकरा वर्षं ऐकली की बोटांवर मोजायला लागतो. आम्ही एकशे बत्तीस लिहितो आणि पुढचं कार्ड ओढतो. सगळ्यात खाली सुटकेच्या तारखेचा चौकोन. तो माणूस सुटेल तेव्हा भरायचा.

हे काम मला ज्यांनी शिकवलं ते जुने साहेब आता हयात नाहीत, पण त्यांचे दोन नियम अजून आमच्या मानगुटीवर बसलेले आहेत. पहिला असा, की सुटकेचा चौकोन सोडून दुसरा एकही चौकोन रिकामा ठेवायचा नाही. रिकामा चौकोन दिसला की साहेबांचं डोकं फिरायचं. न्यायालयाचा कागद फाटलेला असेल, शाई पसरलेली असेल, शिक्षा वाचताच येत नसेल, तर तिथे नऊशे नव्व्याण्णव लिहायचं. म्हणजे ‘माहीत नाही’. सरासरी काढायच्या वेळी ती कार्डं गठ्ठ्यातून बाजूला काढायची. दुसरा नियम असा, की चूक झाली तर खोडायचं नाही. ज्याने चूक केली त्यानेच आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आता टेंगूळ कसं आलं ते सांगते. नऊ वर्षांपूर्वी लागोपाठ तीन वाईट दरोडे पडले. वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं, निवडणूक तोंडावर होती, पुढाऱ्यांमध्ये कोण जास्त कडक याची चढाओढ लागली आणि कायदा बदलला. ते सगळ्यात आधी माझ्या पेनाला कळलं. साठ, सत्तर लिहायची सवय असलेलं पेन शंभराच्या वर लिहायला लागलं. पहिल्या चौकोनात शून्य लिहायला मिळेना. तेव्हा मला वाटलं होतं, बरंच झालं, बसू दे चोरांना आत. खोटं कशाला सांगू, वाटलं होतं.

आणि मग त्या रेषेवर आमचे हे चढले. हे औषधांच्या दुकानांना माल पोचवणारी व्हॅन चालवायचे. एका दुपारी ओळखीच्या दोघांनी व्हॅन मागितली, तुम्हीच चालवा म्हणाले. ते दोघे घड्याळांच्या दुकानात शिरले. एकाच्या हातात सुरा होता. कुणाला ओरखडाही आला नाही. हे बाहेर इंजिन चालू ठेवून बसले होते. यांना काहीच माहीत नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला बजावत राहिले. पण इंजिन चालू होतं म्हणजे माहीत होतंच. पहिला गुन्हा, हत्यारासह दरोडा, साथीदार, शिक्षा अकरा वर्षं. तीन वर्षं आधी घडलं असतं तर पाच-सहा वर्षांवर भागलं असतं. तीन वर्षं नंतर घडलं असतं तरी तेवढ्यावरच भागलं असतं. आयुष्यात कुठे वेळेवर न पोचणारा माणूस, इथे मात्र बरोबर वेळ साधली.

त्यांचा कागद माझ्याच टेबलावर आला. त्या दिवसाबद्दल मी पुढे सांगेन, आत्ता नको.

कार्यालयात मी सांगितलं, यांना बाहेरगावी नोकरी लागली. लांब आहे, रजा मिळत नाही. दर वर्षी कुणीतरी विचारायचं, “अहो, तुमचे मिस्टर येतात तरी कधी?” मी म्हणायची, “यांची कंपनी फार कडक आहे.” लोक हसायचे, मीही हसायची. सात वर्षांत मला हसायची इतकी सवय झाली की घरी आल्यावर गाल दुखायचे.

घरी आल्यावर काय असतं ते कुणाला सांगून कळत नाही. हे कुलूप लावताना शीळ घालायचे, तीही बेसूर, आणि मी रोज वैतागायची. आता मी कुलूप लावते आणि हात तिथेच थांबतो. न्हाणीघरात दाढीचा ब्रश आहे, त्याचे केस कडक होऊन सात वर्षं झाली, तरी दर रविवारी मी तो धुते. पलंगाच्या त्यांच्या बाजूला मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते, म्हणजे ती जागा रिकामी दिसत नाही. मला हा माणूस हवा आहे. त्याच्या चुकीसकट, बेसूर शिळेसकट, ओल्या टॉवेलासकट हवा आहे. यापेक्षा वेगळं मला काही सांगता येत नाही.

भेट महिन्यातून एकदा, चाळीस मिनिटं. मध्ये लांब टेबल, आणि हात धरायला परवानगी फक्त आल्यावर आणि निघताना. हे तिथे धुलाईत काम करतात, त्यामुळे हातांना कायम साबणाचा वास. बोलता बोलता माझा रुमाल ओढून घेतात आणि त्याची चौकोनी घडी घालतात, कोपऱ्याला कोपरा जुळवून. घरी यांनी कधी स्वतःच्या मोज्याची घडी घातली नव्हती. आणि दर वेळी पहिला प्रश्न ठरलेला.

“अगं, तुमची रेघ काय म्हणतेय?”

“उतरतेय.”

“उतरू दे. पडणार नाही ना, बघ. मी वर बसलोय.”

गेल्या वर्षी रेघ इतकी उतरली की पुढाऱ्यांनाच लाज वाटली. एकाच गुन्ह्यासाठी एक माणूस अकरा वर्षं आत, आणि त्याच्यानंतर आलेला सहा वर्षांत बाहेर जायच्या तयारीत. मग फेरविचाराचा कायदा आला. त्या-त्या गुन्ह्याची दहा वर्षांची सरासरी शिक्षा काढायची, आणि ज्या कैद्याची शिक्षा तिच्या दीडपटीहून जास्त आहे, त्याला नव्याने न्यायाधीशासमोर जाऊन शिक्षा कमी करून मागता येईल. अर्ज या महिन्याच्या अखेरपर्यंत. आणि सरासरी कुणी काढायची? आमच्या कार्यालयाने.

तक्ता छापून आला त्या दिवशी मी तो घेऊन सरळ स्वच्छतागृहात गेले आणि दाराला कडी घातली. हत्यारासह दरोडा, पहिला गुन्हा, साथीदार. दहा वर्षांत चारशे बारा माणसं. सरासरी चौऱ्याण्णव महिने. दीडपट म्हणजे एकशे एकेचाळीस. यांची शिक्षा एकशे बत्तीस. नऊ महिन्यांनी हुकलं होतं. मी तोंडावर पाणी मारलं आणि जागेवर येऊन बसले. त्या दिवशी मी चाळीस कार्डं भरली, एकही चूक न करता.

भेटीत मी त्यांना सांगितलं. हे थोडा वेळ रुमालाची घडी घालत राहिले.

“म्हणजे न्यायाधीशांनी अजून दहा महिने जास्त दिले असते, तर आज मी सुटायच्या रांगेत असतो?”

“हो.”

“कंजूष माणूस,” हे म्हणाले. मग घडी मोडून पुन्हा घालायला लागले आणि खाली बघतच म्हणाले, “चार वर्षं राहिलीत. सात गेली तशी चार जातील. तू उगीच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस.”

निघताना हात धरला तेव्हा त्यांनी तो लवकर सोडला. सात वर्षांत कधी असं झालं नव्हतं. पहारेकऱ्याने सांगेपर्यंत सोडायचे नाहीत. मी बसमध्ये बसून परत येईपर्यंत त्या हाताकडे बघत होते.

आणि मला राग आला. यांचा नाही, चौऱ्याण्णवाचा. एकवीस वर्षं ती कार्डं माझ्या बोटांखालून गेली आहेत. कुठला गुन्हा साधारण किती महिन्यांचा ते मला डोळे मिटून कळतं, जसं भाजीवालीला पाव किलो हातात घेऊन कळतं. या गुन्ह्याचं टेंगूळ धरूनसुद्धा ऐंशीच्या आसपास यायला हवं होतं. चौऱ्याण्णव कुठून आलं?

आमच्याकडे सरासरी काढायला चार वर्षांपूर्वी संगणक आला आणि त्याच्याबरोबर एक गृहस्थ आले. माणूस पस्तिशीचा, सज्जन, पण बोलणं सगळं दशांशात. घरून निघायला किती वेळ लागतो विचारलं तर सव्वीस पूर्णांक पाच मिनिटं सांगणार. आम्ही त्यांना दशांश म्हणतो आणि त्यांना ते आवडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

“दशांश, दरोड्याच्या त्या गठ्ठ्यात सगळ्यात मोठी शिक्षा किती आहे हो?”

त्यांनी दोन-चार कळा दाबल्या. “नऊशे नव्व्याण्णव महिने. सहा जण आहेत, ताई. त्र्याऐंशी पूर्णांक पंचवीस वर्षं. मलाही जरा जास्त वाटलं होतं, पण म्हटलं, अनेक गुन्ह्यांच्या शिक्षा एकापुढे एक जोडल्या असतील.”

मी खुर्ची ओढून बसले. “ती शिक्षा नाहीये,” मी म्हटलं. “त्याचा अर्थ माहीत नाही असा आहे. ती कार्डं बाजूला काढायची असतात.”

त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. “हे मला कुणी सांगितलंच नाही.”

खरं होतं ते. त्यांना सगळे नियम सांगायचं काम माझं होतं. चार वर्षांपूर्वी जुन्या साहेबांची वही घेऊन मी त्यांच्या शेजारी दोन दिवस बसले होते. जन्मठेपेला कुठलं अक्षर, दंडाला कुठलं, शिक्षा स्थगित असेल तर काय, एकेक ओळ वाचून दाखवली. नऊशे नव्व्याण्णवाची ओळ आली तेव्हा मी वाचायची थांबले. मी पान उलटलं. पुढे कधीतरी सांगेन म्हटलं आणि मूग गिळून बसले. त्या ओळीपाशी मी का थांबले ते मला चांगलं माहीत होतं.

दशांशनी तिथल्या तिथे ते सहा काढून सरासरी केली. एक्क्याऐंशी. दीडपट एकशे साडेएकवीस. मी मनातल्या मनात एकशे बत्तीस म्हटलं, आणि हात टेबलाखाली घेतले.

आम्ही दोघं विभागप्रमुख बाईंकडे गेलो. बाई पंचावन्नच्या, किडकिडीत, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या, आणि चष्मा कपाळावर चढवल्याशिवाय वाईट बातमी न ऐकणाऱ्या. त्यांनी चष्मा चढवला. सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे सगळ्याच तक्त्यांत हे घुसलंय.”

“हो,” दशांश म्हणाले. “एकूण एकशे अडतीस कार्डं.”

“सरकारने छापलेला तक्ता मी आमची चूक झाली एवढ्यावर मागे घेऊ शकत नाही. ती प्रत्येक नोंद खरोखरच वाचता येत नव्हती, हे मला दाखवता आलं पाहिजे. मूळ कार्डं काढा. मागे न्यायालयाचे कागद टाचलेले असतील. परवा सकाळपर्यंत सगळी माझ्या टेबलावर हवीत. मी स्वतः एकेक बघणार.” त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्हीच काढा. तळघरातलं तुमच्याइतकं कुणाला सापडत नाही.”

तळघरात कार्डांच्या लोखंडी खणांच्या अकरा रांगा आहेत. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकशे सदतीस कार्डं काढली. कुठे कागद अर्धा फाटलेला, कुठे शिक्का नेमका आकड्यावर बसलेला, कुठे कागदच नाही, नुसती टाचणी. जुने साहेब असते तर म्हणाले असते, चोख काम आहे. एकशे अडतिसावं कार्ड कुठल्या रांगेत, कुठल्या खणात, कितवं आहे, हे मला सात वर्षं तोंडपाठ होतं. ते मी शेवटी काढलं.

आता तो दिवस सांगते. खटला संपून तीन आठवडे झाले होते. मी नेहमीसारखी सकाळी गठ्ठा उघडला, आणि चौथ्या कागदावर यांच्या खटल्याचा क्रमांक. मी बाकीचे सगळे चौकोन भरले. वय भरलं. पहिला गुन्हा भरलं. शिक्षेपाशी पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना. न्यायालयात मी तो आकडा ऐकला होता, तेव्हा तो न्यायाधीशांचा होता. इथे तो माझ्या हाताने पडणार होता. चौकोन रिकामा ठेवायची सोय नव्हती. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, “काय हो, अडलं का?” मी म्हटलं, “नाही,” आणि नऊशे नव्व्याण्णव लिहिलं. हे किती दिवस घरी येणार नाहीत, तर माहीत नाही. त्या क्षणी मला ते खोटंसुद्धा वाटलं नाही.

तळघरात मी ते कार्ड उलटं केलं. मागे कागद होता, स्वच्छ, टंकलेला. एकशे बत्तीस महिने. शाळकरी पोरालाही वाचता आला असता.

मला काय करायचं होतं ते सोपं होतं. टाचणी काढायची, कागद घडी करून पर्समध्ये टाकायचा. मग हे कार्डही बाकीच्यांसारखंच, कागद हरवलेलं. उद्या बाई एकशे अडतीस कार्डं बघणार, मान डोलावणार, तक्ता दुरुस्त होणार, यांचा अर्ज जाणार. आणि कागद तसाच ठेवला तर? बाई विचारणार, हे कुणी लिहिलं. मग कळणार की चूक दाखवणारीच कैद्याची बायको आहे, नोंद खोटी तिनेच केलीय, आणि दुरुस्तीचा फायदा तिलाच होतोय. अशी दुरुस्ती कोण मान्य करेल? माझी नोकरी गेली तर गेली, पण यांची चार वर्षंही जातील. आणि यांच्याबरोबर त्या बाकीच्या तक्त्यांतले किती जण, ते मला माहीतही नव्हतं.

मी टाचणी काढली. कागद हातात आला. तेव्हा त्याच्या तळाशी मला सही दिसली.

कैद्याने शिक्षा ऐकली असं लिहून घेतात, त्याखाली त्याची सही. सात वर्षांपूर्वी मी खालपर्यंत बघितलंच नव्हतं. यांची सही मोठ्या थाटाची, अक्षर एक लागेल तर शपथ, आणि खाली एक लांब रेघ ओढायची सवय. लग्नाच्या नोंदवहीत ती रेघ माझ्या नावाखालीही गेली होती, आणि नोंदणी कारकून ओरडला होता. या कागदावर सही होती, पण रेघ नव्हती. जिथे ती सुरू व्हायची तिथे शाईचा एक ठिपका होता. पेन टेकवलं होतं आणि तसंच उचललं होतं.

मी खाली जमिनीवर बसले. ज्या आकड्यापाशी माझा हात अडला, त्याच आकड्याखाली यांचाही अडला होता. तरी यांनी सही केली होती. मी किती वेळ रडले ते सांगता येणार नाही. मग उठले, कागद पुन्हा त्याच भोकांतून टाचला, आणि ते कार्ड गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं.

सकाळी बाईंनी पहिलंच कार्ड उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. चष्मा कपाळावर चढवला.

“हे तर स्वच्छ वाचता येतंय. इथे नऊशे नव्व्याण्णव कुणी लिहिलं?”

“मी.”

“का?”

दशांश दाराशी उभे होते. ते बाहेर जायला निघाले, मी म्हटलं, “थांबा, तुम्हीही ऐका.” मग बाईंना म्हटलं, “ते माझे मिस्टर आहेत.”

मी वहीतली गाळलेली ओळही सांगितली. तळघरात टाचणी काढली होती, तेही सांगितलं. आता सांगायचंच तर मागे कशाला ठेवायचं.

“सात वर्षं तुम्ही सांगत होतात, बाहेरगावी असतात,” बाई म्हणाल्या.

“बाहेरगावीच असतात.”

बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. “टाचणी परत का लावलीत?”

मी सहीवर बोट ठेवलं. बाईंनी चष्मा खाली घेतला आणि त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना काय समजलं कोण जाणे. मग त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात बोलायला लागल्या.

“तुम्ही आत्तापासून या कामावर नाही. तुमची चौकशी होईल, लेखी ताकीद मिळेल, जास्तही काही होऊ शकतं. तक्ता दशांश आणि दुसऱ्या विभागातले दोघं मिळून नव्याने करतील, तुम्ही त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. माझ्या पत्रात मी सगळं लिहिणार आहे, तुमचं नातंसुद्धा. लपवलं तर उद्या कुणीतरी उकरून काढेल आणि सगळा तक्ता बुडेल. उघड सांगितलं तर निदान आकडे आकड्यांवर उभे राहतील.”

“मान्य होईल?”

“ते मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. आपण कुठला शब्द वापरला ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच तोंड फिरवलं.

पुढचे सात दिवस मी टपालाच्या खोलीत पाकिटं फोडत होते. बातमी अर्थातच सगळ्या इमारतीभर झाली. चहाच्या यंत्रापाशी मी गेले की बोलणं थांबायचं. तिसऱ्या दिवशी लेखा विभागातली एकजण माझ्या शेजारी उभी राहिली, तक्त्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “यात कुठे आहेत ते?” मी बोट वर करून दाखवलं. ती म्हणाली, “बरंच उंच आहे हो.” मी हो म्हटलं. सात वर्षांत मी पहिल्यांदा कुणाला यांचा पत्ता सांगितला होता.

आठव्या दिवशी, अर्जाची मुदत संपायला दोन दिवस असताना, बाईंनी बोलावलं. टेबलावर नवा तक्ता होता, वर सरकारी शिक्का. दरोड्याच्या ओळीत एक्क्याऐंशी. शेजारी एकशे साडेएकवीस. वेगवेगळ्या गुन्ह्यांतले मिळून दोनशे सहा कैदी नव्याने यादीत आले होते.

“अर्ज आज सकाळी तुरुंगातच भरून घेतलेत सगळ्यांचे,” बाई म्हणाल्या. “सुनावणी पुढच्या महिन्यापासून. न्यायाधीश काय करतील ते त्यांच्या हातात, पण त्यांच्यासमोर हाच तक्ता असेल.” मग त्यांनी एक कार्ड माझ्यासमोर सरकवलं. “हे राहिलंय. दुरुस्ती ज्याची त्यानेच करायची असते. माझा नाइलाज आहे.”

नऊशे नव्व्याण्णव. माझेच नऊ, शेपटी आत वळलेले. मी बाईंचं पेन घेतलं आणि त्यांच्यावर एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं : एक. तीन. दोन. सात वर्षांपूर्वी हा आकडा फार मोठा म्हणून माझ्या हातून लिहवला नव्हता. आज तो एकशे साडेएकवीसपेक्षा मोठा होता म्हणून हे घरी येऊ शकत होते. अंक स्वच्छ वाचता येण्यासारखे आले. शेजारी सही केली आणि कधी नव्हे ती सहीखाली एक लांब रेघ ओढली. ती चौकोनाबाहेर गेली.

कार्ड परत द्यायच्या आधी मी खालचा चौकोन बघितला, सुटकेच्या तारखेचा. तो कोरा होता. त्यावर मी अंगठा ठेवला.

“हे कार्ड आता माझ्या टेबलावर येणार नाही, माहीत आहे मला,” मी म्हटलं. “पण हा चौकोन भरायची वेळ येईल तेव्हा मला बोलवाल?”

“ते नियमात बसत नाही,” बाई म्हणाल्या. कार्ड घेतलं, खणात ठेवलं आणि खण लावून घेतला. मग म्हणाल्या, “बोलवीन.”